कठीण पझल्स रोज किती सोडवायची?

डोंबिवलीच्या एका बारावीतल्या मुलीने विचारलंय: लॉच्या प्रवेश परीक्षांपैकी राज्याची एमएच सीईटी लॉ आणि राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट, दोन्ही देणार आहे. लॉजिकल रीझनिंगमधली सोपी पझल्स (दिलेल्या अटींवरून कोण कुठे ते ठरवायचे प्रश्न) पटकन सुटतात, पण कठीण पझल हातात घेतलं की वीस-पंचवीस मिनिटं जातात आणि तरी उत्तर चुकतं. चार महिन्यांत तीनशेच्या वर पझल्स करून झाली. आता रोज किती करू म्हणजे स्पीड येईल, आणि कुठलं पुस्तक घेऊ?

तू माझ्या मुलीच्या वयाची, म्हणून अगं-तुगं करते. मी काही वर्षं वकिली केली आणि गेली चौदा वर्षं दादरला लॉ एन्ट्रन्सच्या मुलांना लॉजिकल रीझनिंग शिकवते. तुझा प्रश्न वाचून पहिल्यांदा थांबले ती ‘तीनशे’ या आकड्यावर. तीनशे पझल्स करूनही कठीण पझल सुटत नसेल, तर चारशेव्यालाही सुटणार नाही. तुझी मेहनत कमी पडत नाहीये. अंदाजाने सांगते, चुकत असेन तर सांग: तू एक पझल पंचवीस मिनिटं झगडून सोडून देतेस, मागचं सोल्युशन वाचतेस, ‘अरे, एवढंच होतं’ असं वाटतं आणि पुढचं घेतेस. ते ‘एवढंच होतं’ वाटणं म्हणजे शिकणं नव्हे. दुसऱ्याने काढलेला रस्ता आपल्याला ओळखता आला, इतकंच त्यातून कळतं. तोच रस्ता रिकाम्या कागदावर आपला आपण काढता येतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि परीक्षेत तेवढाच विचारतात.

हे मला माझ्याच चुकीतून कळलं. सुरुवातीची दोन वर्षं मी फळ्यावर झरझर पझल्स सोडवून दाखवायचे. मुलं माना डोलवायची, वह्या भरायच्या, मलाही बरं वाटायचं. एकदा मागच्याच आठवड्यात फळ्यावर सोडवलेलं पझल नावं बदलून टेस्टला घातलं. निम्म्याहून जास्त मुलांना सुटलं नाही, आणि बहुतेकांना ते आधी पाहिल्याचंही आठवलं नाही. त्या दिवसापासून शिकवण्याची पद्धत बदलली. आता क्लासमध्ये नवी पझल्स कमी आणि जुनीच पुन्हापुन्हा असतात.

पद्धतीआधी एक गोष्ट, कारण बरंच काही तिच्यावर अवलंबून आहे. तुझ्या दोन परीक्षांना कठीण पझल्स सारखीच लागत नाहीत. क्लॅटचा पेपर २०२० पासून उताऱ्यांवर आधारित झाला. आता दोन तासांत १२० प्रश्न असतात, चुकीच्या उत्तराला पाव गुण जातो, आणि लॉजिकलच्या भागात भर असतो तो युक्तिवाद वाचून त्यातलं गृहीतक, निष्कर्ष, कच्चा दुवा शोधण्यावर. आठ जण गोल टेबलाभोवती बसलेत या धर्तीचं पझल तिथे मुख्य अन्न नाही. एमएच सीईटीत मात्र सीटिंग अरेंजमेंट (कोण कुठे बसलंय), क्रम, ब्लड रिलेशन (नाती), सिरीज (मालिकेत पुढे काय येईल) हे सगळं थेट येतं, आणि तिथे निगेटिव्ह मार्किंग नाही. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाची आयलेट देणार असशील तर हिशेब आणखी बदलतो. तिथे १५० पैकी ७० प्रश्न लॉजिकलचे असतात. म्हणजे डोळा चर्चगेटच्या शासकीय विधी महाविद्यालयावर असेल तर सीईटी, पवईच्या महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठावर असेल तर क्लॅट, आणि त्यानुसार पझल्सना द्यायचा वेळ वेगळा. दोन्ही देणार असशील तर लॉजिकलच्या एकूण वेळातला तिसरा हिस्सा कठीण पझल्सना पुरे. बाकीचा वेळ उताऱ्यांना दे.

दुसरं, परीक्षेला किती दिवस उरलेत? तीन-चार महिने असतील तर पुढचं सगळं तुझ्यासाठी आहे. तीनच आठवडे उरले असतील तर नवं काही घेऊ नकोस. शेवटच्या भागात कुठलं पझल सोडायचं ते लिहिलंय, तेवढंच कर.

आता एक पझल प्रत्यक्ष बघू. सांगोवांगी पद्धत कळत नाही.

वक्तृत्व स्पर्धेत सहा जण एकामागून एक बोलणार आहेत: अनघा, केतन, चारू, तन्मय, पल्लवी, मंदार. अटी अशा. अनघा केतनच्या आधी कधीतरी बोलते. केतन चारूच्या आधी कधीतरी बोलतो. चारूच्या लगेच नंतर तन्मय बोलतो. मंदार तिसरा किंवा पाचवा बोलतो.

माझ्यासमोर बसलेल्या दहापैकी आठ मुलं काय करतात? सहा रिकाम्या जागा आखतात आणि लगेच पहिल्या प्रश्नाकडे उडी मारतात. प्रश्नात ‘पल्लवी चौथी बोलत असेल तर’ असं दिसलं की पल्लवीला चौथ्या जागी बसवून बाकीचे इकडेतिकडे हलवून बघतात. पुढच्या प्रश्नाला पुन्हा कागद कोरा, पुन्हा हलवाहलव. तुझी पंचवीस मिनिटं इथेच जात असणार.

मी काय करते ते बघ. पेन उचलण्याआधी विचारते, सगळ्यात जास्त बांधून ठेवणारी अट कुठली? पहिल्या तीन अटी जोडल्या की एक साखळी तयार होते: अनघा, मग केतन, मग चारू-तन्मय चिकटलेले. चौघांचा आपसातला क्रम ठरला. तन्मयच्या आधी तिघे असायलाच हवेत, म्हणजे तो चौथ्याच्या आधी येऊच शकत नाही, आणि चारू तिसऱ्याच्या आधी येऊ शकत नाही. हे पेपरात कुठेच लिहिलेलं नाही, आपण काढलं. आणि मंदारला दोनच जागा आहेत, म्हणून त्याच्यावरून कागदाचे दोन भाग करायचे.

मंदार पाचवा धरू. चारू-तन्मय ही जोडी पाचवी जागा ओलांडून बसू शकत नाही, म्हणून ती पाचव्याच्या आधीच हवी. तन्मय चौथ्याच्या आधी येत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. म्हणजे चारू तिसरी, तन्मय चौथा, अनघा पहिली, केतन दुसरा, आणि पल्लवीला सहावी जागा उरली. एका अटीने सगळं घर लागलं.

मंदार तिसरा धरू. चारू आता चौथी किंवा पाचवी. चौथी असेल तर तन्मय पाचवा, तिच्या आधीच्या दोन जागांवर अनघा आणि केतन, पल्लवी शेवटी. चारू पाचवी असेल तर तन्मय सहावा, आणि पहिली, दुसरी, चौथी या तीन जागा अनघा, केतन, पल्लवी यांना. अनघा केतनच्या आधी हवी, म्हणून तीनच मांडण्या: अनघा-केतन-पल्लवी, अनघा-पल्लवी-केतन, पल्लवी-अनघा-केतन.

एकूण पाच क्रम. सगळ्या पझलमध्ये पाचच! आता प्रश्न कुठलाही येऊ दे. केतन कुठल्या जागांवर बोलू शकतो? दुसऱ्या किंवा चौथ्या. शेवटी कोण बोलू शकतं? तन्मय किंवा पल्लवी, तिसरं कुणी नाही. पल्लवी चौथी असेल तर? एकच क्रम उरतो. केतन चौथा असेल तर काय नक्की? मंदार तिसरा, चारू पाचवी, तन्मय शेवटचा. प्रश्नागणिक दहा-पंधरा सेकंद. हे पाच क्रम काढायला सुरुवातीला तीन-चार मिनिटं गेली तरी जाऊ देत. मुलांना ती तीन मिनिटं वाया गेल्यासारखी वाटतात, हात शिवशिवतात. स्पीड हवा असेल तर आधीची मांडणी संथ आणि पूर्ण करावी लागते, हे त्यांना पटवायला मला दरवर्षी महिनाभर लागतो.

प्रत्येक पझलमध्ये सगळे क्रम मोजून होतील असं नाही. कधी तीस-चाळीस निघतात, तेव्हा मोजत बसायचं नाही. दोन भाग झाले, प्रत्येकात कोण कुठे येऊच शकत नाही हे लिहिलं, की प्रश्नांकडे वळायचं. कुठे थांबायचं ते सरावानेच कळतं, त्याला सूत्र नाही.

हा सराव असा कर. कठीण पझल पहिल्यांदा सोडवताना घड्याळ लावू नकोस. अर्धा तास दे. सुटलं नाही तर सोल्युशन उघडू नकोस. कुठे अडकलीस ते एका वाक्यात वहीत लिही: ‘मंदारच्या दोन जागांवरून भाग पाडले नाहीत’, किंवा ‘लगेच नंतर असताना नुसतं नंतर वाचलं’. मग सोल्युशनच्या फक्त पहिल्या दोन ओळी बघ, बाकीचं हाताने झाकून, आणि पुन्हा प्रयत्न कर. दोन-तीन दिवसांनी तेच पझल कोऱ्या कागदावर. आठवड्याने पुन्हा तेच, या वेळी घड्याळ लावून, आठ-नऊ मिनिटांत. तिसऱ्या वेळी उत्तर पाठ असेल म्हणून घाबरू नकोस. उत्तर आठवलं तरी ‘हे असंच का’ याचं कारण प्रत्येक पायरीला तोंडाने म्हणायचं. कारण अडलं तर ते पझल झालेलं नाही, ते चौथ्यांदा करायचं.

या हिशेबाने आठवड्याला पाच-सहा नवी पझल्स पुरतात. तुझ्या तीनशेतली जी सुटली नव्हती त्यातली चाळीस निवड आणि तिथूनच सुरू कर. म्हणजे पुस्तकाचा प्रश्नही महिनाभर पुढे गेला. मागे लालबागचा एक मुलगा होता. एका खोलीत पाच माणसं, अभ्यासाला रात्री अकरानंतरच जागा मिळायची. त्याच्याकडे एकच जुनं पुस्तक होतं, आणि त्यातली कठीण पझल्स त्याने इतक्यांदा केली की पानांचे कोपरे झिजले. वर्गात नवं पझल दिलं की मांडणी सगळ्यात आधी त्याची व्हायची.

पुढे अजून कठीण हवं असेल तर अमेरिकेतल्या लॉ स्कूल्सच्या एलसॅट परीक्षेचे जुने पेपर बघ. त्यात लॉजिक गेम्सचा आख्खा भाग असायचा, ३५ मिनिटांत चार गेम्स, म्हणजे एका गेमला पावणेनऊ मिनिटं. मी वर आठ-नऊ मिनिटं म्हटलं ते यावरूनच. ऑगस्ट २०२४ पासून तो भाग परीक्षेतून काढून टाकला. आकृत्या काढल्याशिवाय ते गेम्स सुटणं अवघड, आणि दृष्टिहीन उमेदवारांवर त्यात अन्याय होतो म्हणून खटला झाला होता, २०१९ मध्ये तडजोड झाली आणि त्यातून हा बदल आला. मला तो बदल योग्य वाटतो. पण सरावासाठी ते जुने गेम्स अजूनही उत्तम आहेत, कारण त्यात एकही शब्द भरताड नसतो.

शब्दांवरून आठवलं. कठीण पझल्समधल्या निम्म्या चुका गणिताच्या नसतात, वाचनाच्या असतात. मराठीत हे एका अक्षरावर ठरतं. ‘केतन बोलला तर अनघा बोलेल’ आणि ‘केतन बोलला तरच अनघा बोलेल’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पहिल्यात केतन बोलला की अनघा बोलणार हे नक्की, पण केतन गप्प असतानाही अनघा बोलू शकते. दुसऱ्यात बाण उलटा: अनघा बोलली म्हणजे केतन बोललेला आहेच, पण केतन बोलला म्हणून अनघाने बोललंच पाहिजे असं नाही. ‘केतन बोलल्याशिवाय अनघा बोलणार नाही’ याचाही अर्थ हा दुसराच. एवढा एक ‘च’ सुटला की अख्खं पझल सुटत नाही.

आणि ‘जर-तर’ कसं उलटायचं ते डोंबिवलीच्या मुलीला मी काय सांगणार. ‘कुर्ल्याला रुळांवर पाणी साचलं की मध्य रेल्वे रखडते’ हे खरं धर. आज गाड्या वेळेवर आहेत, म्हणजे कुर्ल्याला पाणी साचलेलं नाही, हे बरोबर. आज गाडी रखडली, म्हणजे पाणी साचलं असणार, हे चूक. रखडायला मध्य रेल्वेला इतर कारणं पुष्कळ असतात. पाणी साचलं नाही म्हणजे गाडी रखडणार नाही, हेही तितकंच चूक. पझलमध्ये नावं कोरडी असतात म्हणून आपण घसरतो. शंका आली की अटीच्या जागी कुर्ला घालून बघ.

ब्लड रिलेशनचं एवढंच सांगते की पेपर कुठल्या भाषेत देणार ते आधी ठरव आणि सराव त्याच भाषेत कर. इंग्रजी प्रश्नात ‘अंकल’ असेल तर आपलं मन घाईने ‘काका’ म्हणतं, आणि तो मामा असू शकतो, आत्याचा नवरा असू शकतो, मावशीचाही. ‘ब्रदर-इन-लॉ’ म्हणजे दीर, मेव्हणा, भावोजी, साडू यातला कोणीही. आपल्या भाषेत नातं नेमकं आहे, तिथे नसलेलं नेमकेपण आपण नकळत घालतो. अशा वेळी वंशावळीत सगळ्या शक्यता काढायच्या. गोल टेबलाला एकच सवय लाव: सगळे आत तोंड करून बसले असतील तर प्रत्येकाचा उजवा हात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेला येतो. कागदाच्या कोपऱ्यात हे आधी लिहून ठेव, आणि एक जण कुठेतरी पक्का बसवल्याशिवाय दुसऱ्याला हात लावू नकोस.

एमएच सीईटी संगणकावर असते, त्यामुळे प्रश्नावर खुणा करता येत नाहीत. घरी छापील पुस्तकात अटींखाली रेघा मारून सोडवणारी मुलं तिथे गोंधळतात. म्हणून आतापासूनच पुस्तक समोर उभं ठेव, त्यावर पेन टेकवू नकोस, आणि सगळ्या अटी आपल्या खुणांत रफ कागदावर उतरव. साखळीसाठी एक खूण, ‘लगेच’साठी चौकट, ‘नाही’साठी फुली. खुणा कुठल्याही चालतील, रोज त्याच हव्यात. क्लॅट कागदावर होते, तिथे ही अडचण नाही, पण सवय तीच ठेव.

तू लोकलने माटुंग्याला कॉलेजला जातेस असंही लिहिलंयस. सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात वही काढायचा प्रयत्न करू नकोस, वैताग येईल आणि पझलही होणार नाही. त्या वेळात डोळे मिटून आदल्या दिवशीच्या पझलच्या अटी आठव, आणि पहिला निष्कर्ष कशावरून निघाला ते मनात म्हण. अटी आठवल्या नाहीत तर त्या नीट वाचल्याच नव्हत्या असं समज. परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर नुसतं अटी खुणांत लिहायचं काम कर, सोडवायचं घरी.

राहिलं परीक्षेत काय सोडायचं ते. पझल समोर आलं की अर्धा मिनिट फक्त बघ. एखादी व्यक्ती किंवा जागा एक-दोन पर्यायांत अडकलेली दिसते का? दोन अटींत तेच नाव येऊन साखळी जुळते का? यातलं काही दिसलं तर घे. अटी थोड्या, सगळ्या सैल, आणि माणसं आठ असतील तर शेवटी ठेव. ‘खालीलपैकी कोणता क्रम शक्य आहे’ हा प्रश्न मात्र कधीच सोडायचा नाही. त्याला मांडणी लागतच नाही, एकेक अट घेऊन चारही पर्यायांवरून फिरवायची, अट मोडणारा पर्याय खोडायचा. मिनिटाभरात एक गुण. सोडलेल्या पझल्सच्या उरलेल्या प्रश्नांना सीईटीत शेवटची पाच मिनिटं राखून काहीतरी उत्तर भरून टाक, गुण जात नाहीत. क्लॅटला तसं करू नकोस. तिथे दोन पर्याय नक्की खोडता आले तरच उरलेल्या दोनातून निवड.

वीस-पंचवीस मिनिटांवरून तू एका महिन्यात दहावर येशील असं मी लिहून देत नाही. काहींना तीन आठवडे लागतात, काहींना अडीच महिने, आणि मधले पंधरा दिवस असे जातात की आपण मागे चाललोय असं वाटतं, कारण पझल्सचा आकडा वाढत नसतो. त्या दिवसांत अडकण्याची वही उघड. सुरुवातीच्या पानांवरची वाक्यं आणि आताची वाक्यं वेगळी दिसली, की पद्धत लागू पडतेय. तेच वाक्य दहा वेळा दिसलं तर नवीन पझल बंद, आठवडाभर फक्त त्या एका चुकीवर काम.

आजपासून सुरुवात वरच्याच पझलने कर, फक्त एक अट बदल: मंदार तिसरा किंवा पाचवा याऐवजी दुसरा किंवा चौथा. बाकी सगळं तेच. माझ्या कागदावर सात क्रम येतात, आणि त्यातल्या एकाच क्रमात तन्मय शेवटचा नाही. तो क्रम कुठला आणि का, एवढं इथे खाली लिही. चुकलं तर कुठल्या पायरीला चुकलं ते मी सांगते.